गवत, डोंगर आणि पाट: दक्षिण टिरोलमधली भटकंती

शनिवार: म्युनिक ते बोल्झानो

म्युनिकहून सकाळी निघालेली गाडी इन्सब्रुकनंतर चढाला लागते आणि १,३७० मीटर उंचीची ब्रेनर खिंड ओलांडून इटलीत उतरते. एकूण प्रवास साधारण चार तासांचा. खिंडीच्या अलीकडे आणि पलीकडे घरं तीच, कांद्याच्या आकाराच्या कळसाची देवळं तीच, माणसंही जर्मनच बोलतात. पहिल्या महायुद्धापर्यंत दक्षिण टिरोलचा हा सगळा मुलूख ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता. १९१९ च्या तहाने तो इटलीकडे आला आणि मुसोलिनीच्या काळात इथल्या गावांची नावं, शाळा, पाट्या सगळं सक्तीने इटालियन करण्यात आलं. खऱ्या अर्थाने स्वायत्तता मिळायला १९७२ उजाडावं लागलं. आज प्रत्येक फलकावर दोन नावं दिसतात आणि लाडिन भाषा बोलल्या जाणाऱ्या खोऱ्यांत तीन.

आई-बाबा धुळ्याहून माझ्याकडे आले होते. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, साल्हेर-मुल्हेरपासून सह्याद्रीचे बरेच किल्ले पायी पाहिलेले. आईचे गुडघे दुखतात. दोघांनाही एकाच वेळी सुख लागेल असा डोंगराळ भाग युरोपात कुठला, याचा मी बराच शोध घेतला आणि दक्षिण टिरोलपाशी थांबले. इथे डोंगर चढणारा आणि डोंगराकडे बघत गरम पाण्यात बसणारा, दोघांचीही सोय तितक्याच आपुलकीने केलेली आहे. सप्टेंबरचा उत्तरार्ध मुद्दाम निवडला. जुलै-ऑगस्टची दुपारची गडगडाटी वादळं तोवर कमी होतात, हवा स्वच्छ असते आणि डोंगरावरची विश्रामगृहं अजून उघडी असतात.

संध्याकाळी बोल्झानोच्या वाल्थर चौकात कॉफी घेतली. नंतर तालफर नदीच्या काठाने फिरताना पूर्वेकडे रोझेनगार्टेनची डोंगररांग गुलाबी झाली. या भागातल्या फिकट कड्यांवर मावळतीचं ऊन पडलं की हा रंग चढतो. त्यामागची दंतकथा अशी, की लाउरिन नावाच्या बुटक्यांच्या राजाची इथे गुलाबाची बाग होती. शत्रूने त्याला पकडलं तेव्हा त्याने बागेला शाप दिला, की तू दिवसा कोणाला दिसणार नाहीस आणि रात्रीही दिसणार नाहीस. संधिप्रकाश मात्र शापातून राहून गेला. हे ऐकल्यावर आई लगेच म्हणाली, “हे तर हिरण्यकश्यपूसारखंच झालं की!”

रविवार: हिममानव आणि रिटनचं पठार

बोल्झानोचं पुरातत्त्व संग्रहालय सोमवारी बहुधा बंद असतं, म्हणून रविवारी सकाळी पहिलं काम तेच केलं. १९ सप्टेंबर १९९१ रोजी दोन जर्मन गिर्यारोहकांना ३,२१० मीटर उंचीवर बर्फातून अर्धवट बाहेर आलेलं एक प्रेत दिसलं. आधी वाटलं कोणीतरी अलीकडेच अपघातात गेलेला असेल. निघाला सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा माणूस. सीमेची मोजणी केल्यावर जागा इटलीच्या हद्दीत जेमतेम ९३ मीटर आत भरली, म्हणून ओट्झी या नावाने ओळखला जाणारा हा हिममानव आज बोल्झानोत आहे. त्याला उणे ६ अंशांवर, जवळजवळ पूर्ण आर्द्रतेत ठेवलंय आणि एका लहानशा चौकोनी खिडकीतून बघायचं असतं.

त्याची तांब्याची कुऱ्हाड, अस्वलाच्या कातड्याची टोपी, धनुष्य हे सगळं बघण्यासारखं आहेच, पण मी सर्वांत जास्त वेळ त्याच्या बुटांपाशी उभी होते. कातडी बुटाच्या आत झाडाच्या सालीच्या दोऱ्यांची जाळी आणि त्या जाळीत ठासून भरलेलं वाळलेलं गवत. पायाला ऊब मिळावी म्हणून. आईचं लक्ष दुसरीकडे होतं. ओट्झीच्या अंगावर ६१ गोंदणं आहेत, छोट्या छोट्या रेघांची, आणि त्यांतली बरीच कंबर, गुडघे, घोटे अशा झिजलेल्या सांध्यांजवळ. ही गोंदणं दुखण्यावरचा इलाज असावीत असं अनेक संशोधकांना वाटतं. आई म्हणाली, “म्हणजे याचेही गुडघे दुखत होते बिचाऱ्याचे.” त्याच्या डाव्या खांद्यात घुसलेलं बाणाचं टोक २००१ मध्ये क्ष-किरण तपासणीत सापडलं. पाठीमागून बाण मारून त्याला संपवलं होतं.

दुपारी स्टेशनजवळून रोपवेने रिटनच्या पठारावर गेलो. बारा मिनिटांत सुमारे साडेनऊशे मीटर उंची चढते. खाली द्राक्षांचे मांडव, वर सूचिपर्णी झाडं आणि गवताळ उतार. वर १९०७ पासून चालणारी एक छोटी रेल्वे आहे. तिच्यात बसून क्लोबेनश्टाइन आणि तिथून अर्ध्या तासाच्या चालीवर मातीचे सुळके. हिमनदीने आणून टाकलेली ही माती कोरडी असताना दगडासारखी घट्ट असते आणि पावसात चिखल होऊन वाहून जाते. जिथे वर मोठा धोंडा बसलेला असतो तिथली माती भिजत नाही, आजूबाजूची वाहून जाते आणि डोक्यावर दगड घेतलेला खांब उरतो. धोंडा पडला की तो खांबही काही काळाने विरतो. बाबांनी मृदसंधारणावर मला एक पूर्ण व्याख्यान दिलं आणि मी ते आवडीने ऐकलं.

सोमवार: फ्योल्स, गवताचं स्नान

बोल्झानोहून बसने तासाभरात फ्योल्स गाव येतं. उंची साधारण ८८० मीटर. गावाच्या डोक्यावर श्लेर्न हा सपाट माथ्याचा डोंगर उभा आहे, थेट मुल्हेरच्या माचीवरून दिसणाऱ्या कातळभिंतींची आठवण करून देणारा. फक्त आपला काळा बसाल्ट लाव्हाचा, आणि हा फिकट राखाडी खडक कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या उष्ण समुद्रातल्या प्रवाळांचा आणि समुद्रतळावर साठत गेलेल्या गाळाचा. १८ व्या शतकाच्या अखेरीस देओदा द दोलोम्यू या फ्रेंच भूशास्त्रज्ञाने या दगडाकडे अभ्यासकांचं लक्ष वेधलं. चुनखडीसारखा दिसणारा पण आम्लात फारसा न फसफसणारा. त्याच्यावरून दगड झाला डोलोमाइट आणि पर्वत झाले डोलोमाइट्स. २००९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत त्यांचा समावेश झाला.

फ्योल्स प्रसिद्ध आहे ते गवताच्या स्नानासाठी. वरच्या कुरणांवर उन्हाळ्यात गवत कापायला जाणारे शेतकरी रात्री ताज्या कापलेल्या गवतातच झोपायचे. दिवसभर कोयत्याने गवत कापून अंग मोडलेलं असायचं, पण सकाळी उठल्यावर शरीर हलकं वाटायचं. त्यांचा हा अनुभव हळूहळू उपचार झाला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून इथे बाहेरचे लोक त्यासाठी येऊ लागले.

आम्ही उतरलो होतो तिथल्या मालकीणबाईंनी आधी आईचा रक्तदाब, हृदयाचा त्रास, गवताची ॲलर्जी हे सगळं विचारून घेतलं. आईला यातलं काही नव्हतं. मग एका लाकडी खोलीत नेलं. ओलं करून वाफेवर गरम केलेलं गवत पलंगावर पसरलेलं, त्यावर झोपायचं, अंगावर पुन्हा तेच गवत आणि वरून कापडात गुंडाळायचं. पलंग मग हळूच खाली जातो आणि खालच्या गरम पाण्यावर तरंगल्यासारखं वाटतं. तापमान चाळीस अंशांच्या आसपास. सुरुवातीला पाठीला काड्या टोचतात. पाच मिनिटांत टोचणं विसरायला होतं, कारण वास सगळ्यावर मात करतो. अर्निका, रानटी ओवा, जेन्शियन आणि नावं न कळलेली कितीतरी फुलं त्या गवतात असतात. वाळलेल्या गवताचा तो गोडसर वास कुमारिन या द्रव्याचा. घाम असा फुटतो की डोळ्यांत उतरतो. वीस मिनिटांनी बाहेर काढून कोरड्या चादरीत गुंडाळतात, अर्धा तास नुसतं पडून राहायचं, वनस्पतींचा चहा प्यायचा.

आईला त्या दिवशी रात्री जिना उतरताना कठड्याचा आधार लागला नाही. एका स्नानाने सांधेदुखी जाते असं मी म्हणणार नाही, तसं तिथलं कोणी म्हणतही नाही. पण उष्णता, वास आणि सक्तीची विश्रांती यांनी जे मिळतं ते तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. आईने तिथल्या बाईंना आमच्याकडच्या उनपदेवाबद्दल सांगितलं. चोपड्याजवळ अडावदचं उनपदेव, जिथे गरम पाणी बाराही महिने गोमुखातून पडतं आणि आजूबाजूच्या गावांतून दुखरे हातपाय घेऊन लोक येतात. मी भाषांतर करत होते. बाईंना त्या गोमुखाचं इतकं कौतुक वाटलं की त्यांनी फोटो मागितला, आणि नाशिकला राहणाऱ्या माझ्या मावसभावाने तासाभरात तो पाठवला.

या गवताला खत घातलेलं चालत नाही. खत पडलं की जोमाने वाढणारं एक-दोन जातींचं गवत बाकी सगळ्यांना मारतं आणि फुलांचं वैविध्य जातं. म्हणून स्नानासाठी उंचावरच्या, वर्षातून एकदाच कापल्या जाणाऱ्या कुरणांचं गवत घेतात. ती कुरणं कापणारा शेतकरी टिकला तरच हे स्नान टिकेल. दुसऱ्या दिवशी ती कुरणंच बघायची होती.

मंगळवार: सायझर आल्म

सायझर आल्म हे युरोपातलं सर्वांत मोठं उंचावरचं कुरण मानतात. साधारण ५६ चौरस किलोमीटर, बहुतेक १,७०० ते २,३०० मीटरच्या दरम्यान. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच खाजगी गाड्यांना वर जायला बंदी असते, म्हणून सायझ गावातून रोपवेने वर जायचं. दार उघडून बाहेर आलो आणि आई एकदम थांबली. समोर हिरव्या लाटांमागून लाटा, त्यांवर लाकडी गवतखोल्या विखुरलेल्या आणि पलीकडे लांगकोफेल, ३,१८१ मीटर, सरळ उभा. कुरणात जागोजागी जांभळी फुलं जमिनीलगत उगवलेली होती. शरद ऋतूतली ही फुलं दिसायला केशरासारखी, पण विषारी. गाईसुद्धा त्यांना तोंड लावत नाहीत.

आई वरच्या एका विश्रामगृहाच्या ओसरीवर उन्हात बसली आणि बाबा आणि मी पुफ्लाटशच्या पठाराची फेरी करायला निघालो. वाट सोपी, पण कड्यावरून जाणारी. खाली सरळ ग्रोडनचं खोरं आणि त्यात लाकूडकोरीव कामासाठी प्रसिद्ध असलेलं ओर्तिझेई. पठाराच्या टोकाला खडकात आसनांसारखे कप्पे आहेत, त्यांना चेटकिणींची बाकं म्हणतात. श्लेर्नवर चेटकिणी जमतात अशी समजूत इथे शतकानुशतकं होती. त्या समजुतीची दुसरी बाजू भयंकर आहे. १५०६ आणि १५१० मध्ये फ्योल्सच्या जहागिरीत गावातल्या बायकांवर चेटूक केल्याचे खटले चालले, छळ करून कबुल्या घेतल्या गेल्या. आज गावात खेळण्यातल्या चेटकिणी विकायला असतात. मला त्यांतली एकही घ्यावीशी वाटली नाही.

वाटांची व्यवस्था मात्र मनापासून दाद देण्यासारखी. प्रत्येक वाटेला क्रमांक, दगडावर लाल-पांढरे पट्टे, आणि पाटीवर अंतराऐवजी वेळ लिहिलेली. चढावर किलोमीटरचा उपयोग नसतो, हे सह्याद्रीत फिरलेल्या कोणालाही पटेल. बाबा पंचाहत्तरीच्या जवळ आलेत आणि दुपारी त्यांनी पाटीवरच्या वेळेपेक्षा दहा मिनिटं कमी घेतली, याचा त्यांना झालेला आनंद अजून ओसरलेला नाही.

दुपारी तिघांनी मिळून जेवण केलं. इथलं डोंगरी जेवण शाकाहारी माणसाला अंडं चालत असेल तर उत्तम जमतं. शिळ्या पावाचे पालक घालून केलेले गोळे, वरून लोणी आणि चीज. राय आणि गव्हाच्या पारीत पालक-दह्याचा चक्का भरलेले अर्धचंद्र, ज्यांना शलुट्सक्राफेन म्हणतात. आणि कुट्टूच्या पिठाचा केक, मध्ये आंबट जंगली बेरीचा मुरंबा. आईने उपासाचा कुट्टू ओळखला आणि कृती लिहून घेतली.

परतीच्या वाटेवर गवतखोली दुरुस्त करणाऱ्या एका शेतकऱ्याशी बोलणं झालं. बाबांना त्याची जमीन किती, भाऊ किती, वाटण्या कशा होतात हे सगळं विचारायचं होतं. उत्तर ऐकून बाबा बराच वेळ विचारात पडले. इथे ‘बंद शेत’ नावाची पद्धत आहे. शेत, घर, गोठा, कुरणाचा हक्क मिळून एक घटक, तो तोडता येत नाही. एकच वारस तो घेतो आणि बाकीच्या भावंडांना मोबदला देतो. फॅसिस्ट राजवटीने ही पद्धत मोडली होती, १९५४ च्या प्रांतिक कायद्याने ती परत आली. बाकीच्या भावंडांवर यात अन्याय होत नाही असं नाही, आणि त्या शेतकऱ्याने तो लपवलाही नाही. त्याचा धाकटा भाऊ बोल्झानोत बस चालवतो. पण डोंगरावरचं शेत तुकडे होऊन ओस पडलं नाही, ते या पद्धतीमुळे. आमच्याकडे सातबाऱ्यावर वीस-वीस नावं आणि प्रत्येकाच्या वाट्याला बांधाएवढी पट्टी, हे बाबांनी नोकरीत रोज पाहिलेलं. ते एवढंच म्हणाले, “आपल्याकडे हे कधीच चालणार नाही. पण नुकसान कशाने होतं ते यांना वेळेवर कळलं.”

बुधवार: पाऊस आणि टोब्लाख

दिवसभर पाऊस. आगगाडीने पुस्टर खोऱ्यातल्या टोब्लाखला गेलो. गुस्ताव माहलर १९०८ ते १९१० असे तीन उन्हाळे इथे राहून संगीत रचत असे. बाबांना त्याहून मोलाची गोष्ट सापडली. टोब्लाख पाणलोटावर वसलेलं आहे. गावाच्या पश्चिमेकडचं पाणी रिएन्झ नदीतून पुढे आदिजे नदीला मिळतं आणि एड्रियाटिक समुद्रात जातं. पूर्वेचं द्रावा नदीतून डॅन्यूबला मिळून काळ्या समुद्रात. छत्री घेऊन ते त्या जवळजवळ सपाट माळावर फिरून आले.

गुरुवार: त्रे चिमे

सकाळी आकाश धुतल्यासारखं. बसने वळणं घेत आउरोन्झो विश्रामगृहापाशी, २,३२० मीटरवर. या बसची जागा आधीच राखून ठेवावी लागते, खाजगी गाडीला तर भरपूर टोल पडतो. गर्दी इथे खरोखर असते, सकाळी लवकरची बस घ्या.

त्रे चिमे म्हणजे तीन सुळके. मधला सर्वांत उंच, २,९९९ मीटर. १८६९ मध्ये पाउल ग्रोमान आणि त्याच्या दोन वाटाड्यांनी तो पहिल्यांदा सर केला. आउरोन्झोकडून बघताना सुळके जवळ असूनही त्यांचं खरं रूप दिसत नाही. लाव्हारेदो विश्रामगृहापर्यंतची वाट जवळजवळ सपाट, बैलगाडी जाईल एवढी रुंद. आई तिथवर स्वतःच्या पायांनी आली. काठ्या दोन, विसावे पुष्कळ, पण आली. तिला तिथे सूप आणि ऊन यांच्या हवाली करून आम्ही दोघं २,४५४ मीटरच्या खिंडीकडे निघालो.

खिंडीत पाय ठेवला आणि उत्तरेची बाजू समोर आली. सुमारे पाचशे मीटरच्या सरळ तुटलेल्या भिंती, पिवळ्या आणि करड्या पट्ट्यांच्या, सावलीत गार. बाबांनी टोपी काढली. मी त्यांना कोकणकड्यावर असंच टोपी काढून उभं राहिलेलं पाहिलंय.

पुढे लोकातेल्ली विश्रामगृहापर्यंतची वाट युद्धभूमीतून जाते. १९१५ ते १९१७ या काळात ऑस्ट्रिया आणि इटलीची आघाडी नेमकी या कड्यांवर होती. खडकात खोदलेली भुयारं, खंदक, दगडी भिंतींचे अवशेष वाटेच्या आजूबाजूला अजून आहेत. जुनं विश्रामगृह १९१५ च्या मे महिन्यात तोफांनी उद्ध्वस्त झालं. ते चालवणारा सेप इन्नरकोफ्लर हा इथला नामांकित वाटाड्या. ज्या पाटेर्नकोफेलवर त्याने पाहुण्यांना नेलं होतं, त्याच डोंगरावर ४ जुलै १९१५ ला तो हल्ला करताना मारला गेला. समोरच्या बाजूला असलेले इटालियन सैनिकही डोंगरातलेच. हिवाळ्यात गोळ्यांनी मेली तशीच हिमकडे कोसळूनही पुष्कळ माणसं मेली. या जागी फोटो काढणाऱ्या गर्दीत उभं राहून हे आठवणं मला आवश्यक वाटतं. सुळक्यांचं सौंदर्य त्याने कमी होत नाही, आणि ही सीमा आता फक्त दोन प्रांतांची आहे, बस चुकू नये एवढीच चिंता करत आपण ती ओलांडतो, याची किंमत कळते.

पूर्ण फेरी साधारण दहा किलोमीटरची, चार तासांची. आई वाट बघत असल्यामुळे आम्ही गेलो तसेच परतलो. तोवर तिची बोलोन्याहून आलेल्या एका आजींशी मैत्री झाली होती. एक इटालियनमध्ये, दुसरी मराठीत बोलत होती आणि विषय नातवंडांचा होता.

शुक्रवार: मेरानोची स्नानगृहं

टोब्लाखहून मेरानो म्हणजे गाडी बदलत जवळजवळ तीन तास, आणि साडेबाराशे मीटरवरच्या थंडीतून थेट ताडाच्या झाडांत. मेरानो ३२५ मीटरवर, उत्तरेकडून उंच पर्वतांनी वाऱ्याला अडवलेलं. १८७० च्या सुमारास ऑस्ट्रियाची सम्राज्ञी एलिझाबेथ मुलीच्या प्रकृतीसाठी इथे आली आणि शहराचं नाव साऱ्या युरोपात झालं. लेखक काफ्काही क्षयाच्या आजारपणात १९२० मध्ये काही महिने इथे राहून गेला.

आजचं मेरानोचं स्नानगृह २००५ मध्ये उघडलेली काचेची भव्य चौकोनी इमारत आहे, आतली रचना मात्तेओ तून या इथल्याच वास्तुरचनाकाराची. आत आणि बाहेर मिळून पंचवीस कुंडं. थंड, कोमट, गरम, खारट. जवळच्या फिगिलयोख डोंगरातल्या झऱ्याचं किंचित रेडॉन असलेलं पाणीही एका कुंडात आहे. कुंडांत पोहण्याचा पोशाख घालूनच जायचं असतं, तेव्हा आपल्याकडच्या ज्येष्ठ मंडळींना अजिबात अवघडायला होत नाही. आईने अंगभर पोशाख आणला होता, कोणी वळूनही पाहिलं नाही. सौनाचा विभाग वेगळा आहे आणि तिथे मध्य युरोपातल्या प्रथेप्रमाणे कपड्यांविना जातात. ज्यांना नको त्यांनी त्या दारातून आत न जाणं एवढंच.

बाहेरच्या गरम कुंडात मानेपर्यंत बुडून समोर पर्वताचा माथा बघत आम्ही संध्याकाळ होईपर्यंत बसलो. गुरुवारच्या चालण्याने माझ्या पोटऱ्या भरून आल्या होत्या, त्या तिथे सुटल्या. चालणं आणि मग पाणी. या प्रदेशात हा क्रम इतका सहज आहे की एकाशिवाय दुसरं अपुरं वाटायला लागतं.

शनिवार: मार्लिंगचा पाट

सहलीतला हा दिवस मी बाबांसाठी राखून ठेवला होता. आदिजेच्या वरच्या खोऱ्यात पाऊस कमी पडतो, आल्प्समधल्या सर्वांत कोरड्या भागांपैकी एक. सफरचंदाच्या बागा, द्राक्षं, कुरणं सगळं पाटाच्या पाण्यावर. डोंगराच्या कुशीतून समपातळीवर, अगदी थोडा उतार ठेवून काढलेल्या या पाटांना इथे ‘वाल’ म्हणतात आणि देखरेखीसाठी त्यांच्या कडेने जी पायवाट असते ती आता सगळ्यांना फिरायला खुली आहे. मार्लिंगचा पाट त्यांत सर्वांत लांब, जवळजवळ बारा किलोमीटर. १८ व्या शतकात श्नाल्स खोऱ्यातल्या मठाच्या कार्थुसियन साधूंनी आदिजेचं पाणी टोएलपाशी वळवून तो बांधला.

वाट सपाट, सावलीची. एका बाजूला वाहतं पाणी, दुसऱ्या बाजूला हाताला लागतील अशी लाल सफरचंदं (तोडायची नाहीत, ती कोणाच्या तरी कष्टाची आहेत). आईने जवळजवळ सात किलोमीटरची वाट आमच्याबरोबर चालून पूर्ण केली.

पाट राखणाऱ्या माणसाला ‘वालर’ म्हणतात. त्याने रोज पाटाच्या कडेने फिरायचं, दगड-पाला काढायचा, फळ्या वरखाली करून ज्याची पाळी त्याच्या शेतात पाणी सोडायचं. आणि त्याची घंटा! पाटात छोटं पाणचक्र बसवलेलं असतं, ते फिरताना हातोडी घंटेवर आपटते. घंटा वाजते आहे तोवर पाणी वाहतंय. घंटा थांबली की कुठेतरी अडलंय किंवा फुटलंय, वालरने घरातून उठून निघायचं. अशी एक घंटा वाटेवर अजून वाजत होती.

बाबा तिच्यापाशी खाली बसले. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर आमच्याकडे शेकडो वर्षांपासून फड पद्धत आहे. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखालच्या शेतांचे फड. प्रत्येक फडात ठरलेलं एकच पीक, पाणी द्यायला गावाने नेमलेला पाटकरी, राखणीला जागल्या, आणि त्यांना मोबदला पिकातून. बाबांनी नोकरीत हे बंधारे मोजले, दुरुस्त केले, आणि वर धरणं झाल्यावर त्यांतले बरेच कोरडे पडतानाही पाहिले. ते म्हणाले, “पाटकऱ्याचं आणि याचं काम एकच बघ. दोघांनाही आपलं स्वतःचं शेत शेवटी भिजवायला लागतं, नाहीतर लोकांचा विश्वास बसत नाही.” मग त्यांनी पाटाची रुंदी वीत लावून मोजली, पाण्यावर एक पान सोडलं आणि ते पुढच्या खांबापर्यंत जायला किती सेकंद लागले ते मला मोबाईलवर मोजायला सांगितलं. प्रवाहाचा हिशोब आम्ही तिथेच केला.

इथले पाट मोडीत निघत नाहीत कारण त्यांना चालणाऱ्यांनी नवं मोल दिलं. ठिबक सिंचन आल्यावर बऱ्याच पाटांची शेतीला गरज कमी झाली होती, पण लाखो लोक त्यांच्या काठाने फिरायला येतात म्हणून दुरुस्ती चालू राहते. २०२३ मध्ये इटलीसह सात देशांच्या पारंपरिक सिंचनाची युनेस्कोने वारसा म्हणून नोंद केली. पांझरेच्या बंधाऱ्यांच्या काठाने अशी एखादी चालायची वाट का होऊ नये, हे बाबांनी मला मार्लिंगपासून लानापर्यंत सांगितलं. त्यांनी आता धुळ्याच्या मित्रांना घेऊन एका बंधाऱ्यापासून पाट पायी फिरून त्याचा नकाशा काढायचं ठरवलंय. पाऊस संपला की सुरुवात.

कोणी जाणार असाल तर एवढं सांगते. मुक्कामाच्या बहुतेक ठिकाणी अतिथी पास मिळतो. त्यावर प्रांतातल्या बस, लोकल गाड्या आणि रिटनचा रोपवे चालतो, त्यामुळे भाड्याची गाडी लागत नाही. सायझर आल्मचा रोपवे आणि त्रे चिमेची बस यांचे पैसे वेगळे. विश्रामगृहात रोख युरो जवळ ठेवा. सप्टेंबरात वर सकाळी चार-पाच अंश असू शकतात आणि दुपारी स्वेटर काढावा लागतो. गुडघे दुखत असतील त्यांनी उतारासाठी काठ्या न्याव्यात, आणि गवताच्या स्नानाआधी डॉक्टरांना विचारून घ्यावं. ऑक्टोबरात गेलात तर खालच्या खोऱ्यांमध्ये शेतघरी भाजलेले चेस्टनट आणि नवी वाइन मिळते आणि लार्चची झाडं पिवळी झालेली असतात. आईला पुढच्या खेपेला तेच बघायचं आहे.